टाकीचं झाकण

आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं सोनं गाळायला देशभर पांगली. विट्याच्या आसपास कुठल्याही गावात जा, दर चार घरांत एखादा गलाईवाला निघतोच. आमचे आप्पा त्यातलेच. कोइमतूरला भट्टीपुढं वीस वर्षं काढून 1985 साली गावी परतले आणि जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. कंपनीनं 1974 पासून तिला पद्मिनी केलं होतं, पण गावानं ते नाव कधी घेतलं नाही. गावाला ती फियाटच. गाडी वालचंद हिराचंदांच्या कंपनीची आणि मी सांगलीला त्यांच्याच नावाच्या कॉलेजात मेकॅनिकल शिकायला, याचं आप्पांना भारी कौतुक. आल्यागेल्याला सांगायचे, "गाडी बी वालचंदची, पोरगं बी वालचंदचं."

1988 च्या उन्हाळी सुट्टीत त्या पोरानं टाकीचं झाकण हरवलं. विट्याला पेट्रोल भरताना ते टपावर ठेवलं आणि तसाच निघालो. परत फिरून रस्ता धुंडाळला, मिळालं नाही. भंगारवाल्याकडं कुठल्याशा गाडीचं एक झाकण होतं, ते चपखल बसलं. पाच रुपये दिले आणि घरी गप्प राहिलो. आप्पा भट्टीची राखसुद्धा चाळून घेणारे. हरवलं हा शब्द त्यांच्यापुढं काढायची माझी छाती नव्हती.

दोन दिवसांनी गाडी खोड्या करू लागली. दहा-पंधरा किलोमीटर झकास पळायची, मग आचके द्यायची आणि बंद पडायची. पाव तास थांबलं की पुन्हा चालू. आदल्याच आठवड्यात ओगलेवाडीच्या मिस्त्रींनी कार्बोरेटर साफ केला होता. त्यांचे सत्तर रुपये द्यायचे राहिले होते. आप्पांनी निकाल देऊन टाकला, "काम कच्चं केलंय."

ओगलेवाडी म्हणजे प्रभाकर कंदिलाचं गाव. मिस्त्रींचे वडील तिथल्या काच कारखान्यात होते. मिस्त्री मात्र लहानपणापासून गॅरेजात. आम्ही गाडी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी पान्याला हात लावायच्या आधी विचारलं, "आप्पा, मधल्या काळात गाडीत काय बदललंय का?"

"काय न्हाई," आप्पा म्हणाले. ते खरंच बोलत होते. मी शेजारी उभा होतो.

मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडला. फ्लोट हलवून बघितला, त्याची सुई तपासली. जेट काढून उजेडाला धरला, फुंकर मारली. "ह्यात तार घालायची न्हाई," मला म्हणाले, "भोक मोठं हुतंय, मग गाडी पेट्रोल ढोसती." पेट्रोल पंपाला येतं का हे बघायला पाइप काढून सेल्फ मारला, तर बाटलीत चांगली पिचकारी आली. गाडी दुरुस्त झाली म्हणून आम्ही निघालो आणि सुर्लीच्या घाटात पुन्हा अडकलो.

असं दोनदा झालं. कारण पुढं कळलं, ते इथंच सांगतो. गॅरेजात आल्या आल्या मिस्त्री टाकीचं झाकण काढून आत काडी घालून पेट्रोल किती आहे ते बघत. म्हणजे दुखणं त्यांच्या हातानंच निघून जाई आणि मग ते दुखणं शोधायला बसत.

दुसऱ्या खेपेला आप्पा चार माणसांत बोलले. मिस्त्रींच्या हाताखाली बारा-तेरा वर्षांचं एक पोर होतं, जेट धुवायचं काम त्याचं. मिस्त्री वळले आणि त्याच्या थोबाडीत दिली. "किती येळा सांगितलं, रॉकेलात नीट धुवायचं!" पोर रडलं नाही. हातातला जेट पुन्हा धुवायला लागलं.

तिसऱ्या खेपेला मिस्त्री म्हणाले, "मी येतो गाडीत." मी चालवत होतो. घाटात गाडी मेली. आप्पा वैतागून पुढं झाडाखाली जाऊन उभे राहिले. मिस्त्रींनी पंपावर ओलं फडकं टाकलं, उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन ते अडतं म्हणून. उपयोग शून्य. पाइप काढून सेल्फ मारला, थेंब नाही. ते मागं गेले, झाकण फिरवलं आणि टाकीनं हिस्स करून हवा आत ओढली.

टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी मूळ झाकणाला बारीक भोक होतं. माझ्या झाकणाला नव्हतं. पंप बिचारा पोकळीशी झुंजत होता. हवेचा दाब मी दोन परीक्षांत लिहून आलो होतो.

मिस्त्रींनी झाकणावर अंगठा फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. "कधी बसवलंस?"

"पंधरा दिवस झाले."

ते काही बोलले नाहीत. झाकण सैल लावलं आणि झाडाकडं बघून ओरडले, "आप्पा, माझंच चुकलं. पाइपात कचरा ऱ्हायला हुता!" मग हळूच मला, "भोक पाडून घे, इंजिनेर."

आप्पांनी सत्तर रुपये दिले नाहीत. वर विट्यात सांगत सुटले. आमच्या भागातल्या गाड्या ओगलेवाडीला जायच्या बंद झाल्या.

माझा गुन्हा नेमका कुठं सुरू झाला, हे मी पुष्कळदा तपासलंय. झाकण हरवलं ती वेंधळेपणाची चूक, तिला मी गुन्हा म्हणत नाही. घरी लपवलं ते भीतीनं, आणि त्या झाकणानं गाडी बंद पडेल हे मला ठाऊक नव्हतं. बरीच वर्षं मी या ठाऊक नव्हतंच्या आडोशाला बसलो. पण मिस्त्रींनी विचारलं होतं. वैद्यानं काय खाल्लं विचारावं, तसं विचारलं होतं. कार्बोरेटर पुढं, टाकी मागं, झाकणाचा काय संबंध, असं मी मनात ठरवून टाकलं. संबंध आहे की नाही हे ठरवणं त्यांचं काम होतं, ते मी गप्प राहून त्यांच्या हातातून काढून घेतलं. आणि झाकण उघडल्यावर तर सगळं कळलंच होतं. त्यानंतरच्या गप्प बसण्याला मला नावच सापडत नाही.

मिस्त्रींचं खोटं बोलणं लोक थोरपणाचं म्हणतील. मीही म्हणायचो. स्वतःचं नाव खर्चायचा त्यांना हक्क होता. पण त्या पोराची थोबाडीत त्यांच्या खोट्यानं खरी ठरली, हे त्यांच्या तरी ध्यानात आलं होतं का?

1997 साली आप्पांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "किती ऱ्हायले हुते त्येचे?" दुसऱ्या दिवशी आम्ही ओगलेवाडीला गेलो. आप्पांनी पाचशेची नोट पुढं केली. मिस्त्रींनी सत्तर घेतले, बाकीचे मोजून परत दिले. मी त्या पोराचं विचारलं तेव्हा मात्र ते हातातलं फडकं पिळत बसले. "त्येला सांगाया पायजे हुतं," म्हणाले. "साताऱ्यात गॅरेज काढलंय त्येनं."

तिथं जायला मला आणखी दोन वर्षं लागली. हाताखाली तीन पोरं असलेला तो आता मोठा माणूस. त्यानं मला ओळखलं नाही. माझ्या मारुतीचं बोनेट उघडत म्हणाला, "बोला साहेब, गाडीत काय बदललंय का?"

मी सगळं सांगितलं. त्याला ती थोबाडीत आठवत होती. झाकणाचं ऐकून तो हसला नाही. बोनेट तसंच उघडं ठेवून त्यानं एका पोराला चहा आणायला पाठवलं.