अंगावरचे टिपण आणि स्मृती

चालता-बोलता सुचलेले टिपून ठेवण्यासाठी अंगावर बाळगायच्या साधनांमुळे तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न धारदार होतो. कमरेला, खिशात किंवा डोळ्यांपुढे कायम असलेले टिपण माणसाच्या स्मृतीचाच भाग मानावे, की स्मृतीला मदत करणारी बाहेरची वस्तू? उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे. वस्तू हरवली तर नुकसान होते. स्मृती गेली तर माणूसच उणा होतो.

सतराव्या शतकातला इंग्लिश तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याच्या काठीच्या मुठीत लेखणी आणि दौत बसवलेली असे आणि खिशात वही, असे त्याचा स्नेही व चरित्रकार जॉन ऑब्री सांगतो. फिरताना विचार सुचला की हॉब्ज तो तिथल्या तिथे उतरवून घेई. ‘लेव्हायथन’ (१६५१) हा ग्रंथ असाच सिद्ध झाला. त्याच ग्रंथात त्याने स्मृतीला विरत चाललेली संवेदना म्हटले आहे. इंद्रियांवर उमटलेला ठसा दिवसागणिक फिका होतो, आणि त्या फिक्या ठशालाच आपण आठवण म्हणतो. असे मानणाऱ्याने दौत हाताशी ठेवावी हे त्याच्या मताला धरूनच आहे.

टिपणांवरचा सर्वांत बोचरा आक्षेप एका दरोडेखोराच्या तोंडी आहे. इस्लामी धर्मपंडित अल-गझाली (१०५८–११११) तरुणपणी जुर्जानहून तूसला परतत असताना वाटेत लुटला गेला, अशी कथा त्याच्या चरित्रकारांनी दिली आहे. बाकी सगळे घ्या, पण पडशीतली टिपणे परत द्या, माझी विद्या त्यांत आहे, अशी त्याने गयावया केली. टोळीचा म्होरक्या हसला. पडशी नेल्याबरोबर जी जाते ती विद्या तुझी कशी, असे विचारून त्याने टिपणे परत केली. गझालीने पुढची तीन वर्षे ती सारी मुखोद्गत करण्यात घालवली. पुस्तकात राहिलेली विद्या ऐनवेळी कामाला येत नाही, हे मत भारतीय पाठशाळांतही पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले, आणि वेदपठणातला घनपाठ हे त्या मताचे सर्वांत कसदार रूप आहे.

याच्या अगदी उलट भूमिका अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९८ साली ‘विस्तारित मन’ या विषयावरील निबंधात मांडली. त्यांच्या कल्पित उदाहरणातल्या ओटोला अल्झायमर आहे. तो सतत वही बाळगतो. न्यूयॉर्कमधले आधुनिक कलेचे संग्रहालय कुठे आहे हे शाबूत स्मृतीची इंगा आठवून काढते, ओटो वहीत पाहतो, आणि दोघेही ५३व्या रस्त्यावर पोचतात. वही कायम जवळ असेल, चटकन उघडत असेल, तिच्यातल्या मजकुरावर ओटोचा सहज विश्वास असेल, तर ती त्याच्या मनाचाच भाग आहे, असे लेखक म्हणतात. चौथी अटही ते सुचवतात: तो मजकूर ओटोने पूर्वी कधीतरी जाणीवपूर्वक स्वीकारलेला असावा. ही अट आवश्यकच आहे का, याविषयी मात्र ते साशंक आहेत. खरे तर वादाचे मर्म तिच्यातच आहे.

ते का, हे न्यायदर्शनाच्या मांडणीवरून उलगडते. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’नुसार स्मृती म्हणजे केवळ संस्कारातून उपजणारे ज्ञान. आधी अनुभव येतो, तो आत्म्यावर संस्कार ठेवतो, आणि काहीतरी त्या संस्काराला जागे करते. जागे करणाऱ्या कारणांची लांबलचक यादी न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आहे: एकाग्रता, अभ्यास, खूण, सारखेपणा, वियोग, भय आणि आणखी कितीतरी. या चौकटीत टिपणाची जागा ठरते. वाचणाऱ्याच्या आत संस्कार शिल्लक असेल तर टिपण त्याला जागे करणारी खूण आहे. नसेल तर टिपण वाचून होणारे ज्ञान शब्दप्रमाणाचे, म्हणजे विश्वासू माणसाने सांगितल्यासारखे.

पहिल्या प्रकारचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण: ब्लेझ पास्कालचा कागद. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री साडेदहापासून साडेबारापर्यंत आलेला ईश्वरानुभव त्याने तुटक ओळींत लिहिला, त्याची चर्मपत्रावर प्रत केली आणि दोन्ही अंगरख्याच्या अस्तरात शिवून टाकले. १६६२ मध्ये तो वारल्यावर एका नोकराच्या हाताला अस्तरातली जाडी लागली. ते टिपण वाचून पास्कालला नवे काही कळणार नव्हते. शिवलेले असल्याने ते सहज वाचताही येत नव्हते. अंगावर त्याचे असणे, एवढेच त्याचे काम होते.

थॅड स्टार्नर या अमेरिकी संशोधकाने १९९३ पासून अंगावर संगणक वागवायला सुरुवात केली. एका डोळ्यापुढे छोटा पडदा, आणि एका हाताच्या मुठीत मावणारा कळफलक, ज्यावर अनेक कळा एकदम दाबून अक्षर उमटते. बोलणे चालू असतानाच तो टिपणे घेई. ब्रॅडली ऱ्होड्सने रचलेली आज्ञावली त्या टिपणांशी जुळणारी जुनी टिपणे आपणहून पडद्यावर आणी. इथे खूण शोधायचे काम यंत्राने घेतले, तरी मूळ टिपण बोटांनी, त्या क्षणी हे महत्त्वाचे आहे असे ठरवूनच लिहिलेले होते. संस्काराचे बी त्या ठरवण्यात पडते. म्हणून स्टार्नरची सामग्री हॉब्जच्या काठीच्या जवळची आहे, दिसायला कितीही वेगळी असली तरी.

दिवसभराचे सगळे बोलणे ऐकून त्याचा सारांश काढणारी, गळ्यात किंवा छातीवर अडकवायची आजची उपकरणे या रांगेत बसत नाहीत. पहिल्या तीन अटी ती ओटोच्या वहीपेक्षा चांगल्या पाळतात. चौथी पाळतच नाहीत. लक्ष नसताना नोंदले गेलेले वाक्य वाचणाऱ्याच्या आत काही जागे करू शकत नाही, कारण तिथे काही पडलेलेच नसते. मग उरते शब्दप्रमाण. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त, म्हणजे विश्वासू सांगणारा, तो, ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे. ओटोच्या वहीत बोलतो तो पूर्वीचा ओटो. संग्रहालयाचा पत्ता त्याने स्वतः जाणून घेतला होता आणि तो पुढच्या ओटोला कळावा अशी त्याची इच्छा होती, म्हणून तो आप्त ठरतो. सारांश काढणाऱ्या उपकरणाने बोलण्याचा अर्थ जाणलेला नसतो आणि सांगण्याची इच्छा त्याला नसते. त्याचा मजकूर न्यायाच्या कसोटीवर शब्दप्रमाणही ठरत नाही. फार तर तो अनुमानाचा हेतू होतो, धुरावरून अग्नी ताडावा तसा, आणि प्रत्येक वेळी पडताळून घ्यावा लागतो.