पात्राचा नकार

कथेतील माणसासमोर अन्याय घडतो नि तो जागचा हलत नाही. त्याला हलवायचे कसे, हा कारागिरीचा प्रश्न मानला जातो. आमच्या मते तो नीतीचाही प्रश्न आहे.

एका हौशी लेखकाची शीवमध्ये घडणारी कथा आम्ही वाचली. तिच्यातील कारकून स्टेशनाबाहेर झालेली मारहाण डोळ्यांनी पाहतो, पण साक्ष द्यायला धजत नाही. नोकरी, मुलीचे ठरत आलेले लग्न, कोर्टाचे हेलपाटे. ही टाळाटाळ इतकी खरी उतरली आहे की वाचताना आम्हीच अवघडलो. मग लेखकाचा धीर सुटला. गुंडांनी कारकुनाच्याच मुलाला गाठून मारले आणि हा ताडकन उठला. पण आता तो साक्षीदार उरला नाही, सूड घेणारा बाप झाला. परक्याच्या दुःखासाठी माणूस उठतो का, हा कथेनेच विचारलेला प्रश्न लेखकाने पुसून टाकला.

बाहेरच्या तडाख्याने पाय हलतात. मन हलतेच असे नाही. जुन्या करारातील योना पाहा. निनवेला जा म्हटल्यावर तो तार्शीशची वाट धरतो; वादळ नि मोठा मासा त्याला माघारी आणतात. तो जातो, संदेश देतो, शहर पश्चात्ताप करते, आणि योना रुसून बसतो! ग्रंथ देवाच्या प्रश्नावर थांबतो. योनाचे उत्तर आपल्याला मिळतच नाही. केवढा हा संयम!

1983 सालचा गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ या दृष्टीने पुन्हा पाहावा. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची. अनंत वेलणकर पोलिसात आला तो वडिलांच्या धाकाने. रामा शेट्टी काय चीज आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तेवढ्याने काही घडत नाही. लहानपणी बापाने आईवर उगारलेला हात त्याने मुकाट पाहिला; पुढे कोठडीतला एक भुरटा चोर त्याच्याच मारहाणीने मरतो. नोकरी गमावून दारूत बुडालेला माईक लोबो म्हणजे त्याचे उद्याचे रूप. अखेर नोकरी वाचवण्यासाठी तो शेट्टीच्याच दारी जातो आणि शेट्टी त्याला आपल्या पदरी घेऊ पाहतो. शेट्टीने त्याच्या घरच्यांना हात लावलेला नाही. फक्त आता गप्प राहणे म्हणजे शेट्टीचा माणूस होणे, एवढे उघड झाले आहे.

शीव म्हणजे हद्द. मुंबईचे बेट येथे संपे, पलीकडे साष्टी लागे. नकार देणाऱ्या प्रत्येक पात्राचीही अशी एक शीव असते. लेखकाने ती शोधावी, पात्राला मागून धक्का देऊ नये. त्या कारकुनाला मुलीने जेवताना ‘बाबा, तुम्ही होता ना तिथे?’ एवढेच विचारले असते, तरी आम्हांला पुरे होते.

मात्र ‘पटणे’ हा आपला शब्द फसवा आहे. हेतू पटला म्हणजे कृत्य पटले, असे होत नाही. वेलणकर शेट्टीला ठार करतो तेव्हा ओठांवर ‘बरे झाले’ येते, आणि त्याचीच आम्हांला धास्ती वाटते. चोराला मारणारा हात तोच, हा हातही तोच. वेलणकर पळत नाही. ठाण्यावर जाऊन आपण मारल्याचे सांगतो. हा न्याय झाला की आणखी एक खून, हे चित्रपट सांगत नाही.