सेल्येचे उंदीर आणि वऱ्हाडातला थकवा

कमजोरी आली की सलाईन लावून घ्यायची आपल्याकडे, अकोला-अमरावतीच्या खेड्यांत, जुनीच रीत. आता जोडीला ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ आले आहे. मोबाईलवर जाहिरात विचारते: सकाळी उठवत नाही? खारट-गोड खावेसे वाटते? मग ताणाने तुमच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी दमल्या. लाळ तपासा, कॅप्सूल घ्या. रात्रीच्या लाईनवर हरभऱ्याचे ओलित करणाऱ्या कोणालाही ही लक्षणे लागू पडतात. धंदा चालतो तो त्यावरच.

ग्रंथी निकामी होण्याचा आजार खराच आहे. थॉमस अ‍ॅडिसनने तो १८५५ मध्ये नोंदवला. त्याच्या कित्येक रुग्णांत ग्रंथी क्षयाने पोखरल्या होत्या. पुढे बेअर्ड या डॉक्टरने थकव्याचे खापर मज्जातंतूंवर फोडले, कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने ताण आणि अ‍ॅड्रिनॅलिनचे नाते लावले. ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ हे नाव मात्र १९९८ चे, जेम्स विल्सन या कायरोप्रॅक्टरचे.

या नावाला आधार म्हणून ताणाचा अभ्यास करणाऱ्या हान्स सेल्येला पुढे केले जाते, आणि घोळ होतो तो इथेच. १९३६ मध्ये ‘नेचर’मधल्या टिपणात सेल्येने लिहिले, की उंदरांवर थंडी, अतिश्रम, विषारी द्रव्ये असा कसलाही मारा केला तरी शरीर एकाच तऱ्हेने प्रतिसाद देते. आधी धोक्याची अवस्था, मग तग धरणे, शेवटी थकून कोसळणे. विक्रेत्यांनी ही तिसरी पायरी उचलली आणि ग्रंथीच्या नावावर लावली. पण माऱ्याखालच्या त्या उंदरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आक्रसल्या नव्हत्या, फुगल्या होत्या. आक्रसली होती ती थायमस ही वेगळीच ग्रंथी. तग संपला तो जनावराचा, ग्रंथींचा नव्हे. थोडा दोष सेल्येचाही: शरीराजवळ ‘जुळवून घेण्याच्या ऊर्जे’चा मर्यादित साठा असतो असे तो म्हणे, तो साठा त्याने कधी मोजून दाखवला नाही. साठा म्हटले की तो कुठे ठेवला आहे हे लोक विचारणारच, आणि कोणीतरी ग्रंथीकडे बोट दाखवणारच. २०१६ मध्ये कॅडेजियानी आणि काटर या ब्राझीलच्या संशोधकांनी ५८ अभ्यास चाळले. असा आजार असल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही.

म्हणून थकवा खोटा ठरत नाही. रक्त कमी असेल, थायरॉईड असेल, बी-१२ नसेल, क्षय असेल, कर्जापायी झोप उडाली असेल. ‘ग्रंथी दमली’ म्हटले की यातले काहीच तपासायचे उरत नाही.

आणि ग्रंथी खरोखर सुस्तावते ती वेगळ्याच वाटेने. या ग्रंथींना मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी एसीटीएच हे संप्रेरक पाठवून कामाला लावते. बाहेरून स्टेरॉईड मिळू लागले की एसीटीएच येणे थांबते आणि ग्रंथी हळूहळू सुकते. गुडघेदुखीवर ‘जडीबुटी’ म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले असते. दोन दिवसांत आराम पडतो, भूक लागते, हळूहळू चेहरा भरतो. घरचे म्हणतात, तब्येत सुधारली. मग पुडी संपते, किंवा सोंगणीच्या धांदलीत राहून जाते. वांत्या, घसरलेले बीपी, आणि त्यात ताप आला तर जीवावर बेतते. अ‍ॅडिसनच्या आजारात हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडतात. इथे एसीटीएचच कमी असल्याने ती खूणही नसते. डॉक्टर विचारतात, आधी काय घेत होते? नातेवाईक सांगतात, काही नाही, गावठी औषध.