आधी घर मोज

नव्या राउटरच्या अँटेना मोजून झाल्या असतील तर आता खोका उलटा कर आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाच. काय लिहिलंय वॅन पोर्टच्या पुढे? १०/१०० एमबीपीएस. अरे, वडील दर महिन्याला २०० एमबीपीएसच्या प्लॅनचे पैसे भरतात, आणि तू आणलेल्या यंत्रात वायरीतून १०० च्या वर काही शिरणारच नाही. अर्धा प्लॅन दारातच अडला. "गिगाबिट पोर्ट आहे का?" एवढा एक प्रश्न दुकानात विचारता आला नाही तुला? टेलिकॉमच्या शेवटच्या वर्षाला बसतोस ना?

म्हणे, खोक्यावर १२०० लिहिलं होतं. आला कुठून तो आकडा? २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, त्यांची बेरीज करून वरचा गोल आकडा छापलाय. तुझा मोबाइल या राउटरशी एका वेळी एकाच बँडवर बोलतो. ही बेरीज त्याच्या वाट्याला येणारच नाही. शिवाय एका चॅनेलवर एक उपकरण बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचं असतं. हे फळ्यावर शिकवलंय मी, आणि पेपरात तू त्याचे मार्कही घेतलेस. दुकानात शिरताना ते सगळं बाहेर ठेवून गेलास?

बहीण बारावीला आहे, आतल्या खोलीत तिचं लेक्चर अडकतं, म्हणून ही खरेदी. आणि राउटर ठेवलास कुठे, तर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, शोकेसच्या कप्प्यात. का, तर फायबरवाल्याने वायर तिथे सोडली होती! तिथून तिच्या टेबलापर्यंत दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट आहे. ५ गिगाहर्ट्झ भिंतीतच दम तोडतं. २.४ पोचेल, पण इमारतीतल्या घराघरातले राउटर त्याच बँडवर आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्या पोरीला गरज होती ती आतल्या खोलीपर्यंत नेलेल्या एका केबलची आणि तिच्या टोकाला एका साध्या ॲक्सेस पॉइंटची. माळ्यावरचा जुना राउटरसुद्धा कदाचित त्या कामाला चालला असता. पाहिलास काढून?

बरं, सेटिंगच्या पानाचा पासवर्ड अजून 'ॲडमिन'च. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले असलेच पासवर्ड लोकांनी बदलले नव्हते म्हणून. पिन टाकून वाय-फाय जोडून देणारं डब्ल्यूपीएसही चालूच. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो फुटू शकतो. ही खोट २०११ मध्येच उघड झाली. आज घरी गेल्यागेल्या ते बंद कर.

पैसे गेले, ते भरून काढता येतील. माझा संताप होतो तो वेगळ्याच गोष्टीने. घरात या विषयातलं कळणारा तू एकटा. तुझ्या शब्दावर वडिलांनी पैसे काढून दिले, आणि तुला मोबाइल हातात धरून चार खोल्यांत सिग्नल मोजायचा कंटाळा आला.

परत करायची मुदत आहे का ते आत्ताच दुकानात फोन करून विचार. संध्याकाळी घराचा नकाशा काढ, भिंती, कपाटं, फायबर कुठून येतं ते दाखव, आणि प्रत्येक खोलीतलं सिग्नलचं माप डीबीएममध्ये लिही. बहिणीच्या टेबलापाशी दार उघडं ठेवून आणि लावून, दोन्ही मापं हवीत. उद्या पहिल्या तासाला तो कागद माझ्या टेबलावर पाहिजे.