सोंगाड्याचं बळ

आजची सकाळ एका हसवणाऱ्या माणसाच्या आठवणीने सुरू करू या. त्यांचं नाव कृष्णा कोंडके. अख्ख्या महाराष्ट्राने त्यांना दादा म्हटलं.

भोरजवळचं इंगवली हे दादा कोंडक्यांच्या घराण्याचं गाव. भोरच्या मुलखातलं पाणी भाटघरच्या धरणात साठतं, नीरा नदीला मिळतं आणि डाव्या कालव्याने बारामतीला, तिथून पुढे इंदापूरला येतं. १८८५ साली सुरू झालेल्या या कालव्याने आपल्याकडच्या कोरडवाहू रानाचं नशीब पालटलं. दादांचा विनोदही मला असाच वाटतो. त्याचा उगम डोंगराकडच्या माणसांत, पण ओल पोचली ती कालव्याच्या टेलच्या रानापर्यंत.

दादांचा जन्म मुंबईत नायगावला झाला, ८ ऑगस्ट १९३२ रोजी. गोकुळाष्टमीचा जन्म म्हणून नाव कृष्णा ठेवलं, असं सांगतात. वडील कापडगिरणीत कामाला. घाटावरून पोटासाठी मुंबई गाठलेल्या माणसांची ती वस्ती. अंगावर गिरणीचा कापूस आणि तोंडात गावाकडची भाषा. पोरगा त्या चाळीत वाढला. अपना बाजारच्या दुकानात त्याने नोकरी केली, बँडपथकात वाजवलं, सेवा दलाच्या कलापथकात काम केलं. दुकानात पुड्या बांधताना समोरचं गिऱ्हाईक कसं बोलतं, कुठे अडखळतं, कशावर चिडतं, हे सगळं त्याच्या कानात साठत गेलं. नाट्यशाळेत न शिकलेल्या या नटाची शाळा तीच होती.

ऐन उमेदीच्या काळात थोड्याच अवधीत घरातली एकामागून एक माणसं गेली. एवढ्या आघाताने माणूस गप्प होतो, कडू होतो. दादांनी मात्र लोकांना हसवण्याचा रस्ता धरला. दुःख पाठीवर असताना दुसऱ्याच्या चेहऱ्यावर हसू आणायला काय लागत असेल, ते ज्याने घरातलं माणूस पोचवून दुसऱ्या दिवशी कामावर पाऊल टाकलंय, त्याला विचारावं.

मग १९६५ च्या सुमारास वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं. या लोकनाट्याचं मूळ नाव ‘छपरी पलंगाचा वग’. गोष्ट साधी आहे. राज्याचा कोतवाल मैनावतीच्या नादी लागतो आणि तिच्या हट्टापायी चक्क राजाचा छपरी पलंग चोरायला निघतो. ज्याने चोर धरायचे तोच चोर. दादा त्यात हवालदार होते. एक साधा शिपाईगडी. पण खरी गंमत त्याच्याच हातात. हजाराहून जास्त प्रयोग झाले. वगात ठरलेल्या संवादाला बांधून घ्यावं लागत नाही. सकाळी पेपरात आलेली बातमी रात्री हवालदाराच्या तोंडी यायची. ज्या गावात प्रयोग, त्या गावातला प्रश्न यायचा. पुढे हे नाटक हिंदीतही ‘सैंया भये कोतवाल’ म्हणून गाजलं, कारण असा कोतवाल काही एका मुलखाचा नसतो.

आपल्या तमाशात गण होतो, गौळण होते, मावशी येते, रंगबाजी होते आणि मग वग लागतो. वगात राजा असतो, प्रधान असतो आणि सोंगाड्या असतो. राजाच्या अंगावर भरजरी कपडे, सोंगाड्याच्या अंगावर ठिगळं. पण प्रश्न विचारायचा हक्क सोंगाड्याचा. राजा म्हणतो, प्रजा सुखी आहे. सोंगाड्या भाबड्या तोंडाने विचारतो, कुठल्या गावची प्रजा, महाराज? मंडपात हशा पिकतो. त्या हशात पुढच्या खुर्च्यांवर बसलेले पुढारीही असतात आणि मागे धोतराचा सोगा सावरत बसलेला शेतकरीही. जे बोलायला या शेतकऱ्याची जीभ चावडीवर वळत नाही, ते त्याच्या वतीने दुसरं कुणीतरी भर मंडपात बोलून गेलेलं असतं.

आपल्या पुणे जिल्ह्याने ही परंपरा जिवापाड जपली. मावळातल्या इंदुरीचे दादू इंदुरीकर ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या कुंभार उभा करायचे, तेव्हा एक गरीब कुंभार राजदरबाराला कोड्यात टाकायचा. सांगलीकडे कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’मधल्या हवालदारांच्या जोडीने लोकांना पोट धरून हसवलं. कुंभार काय, हवालदार काय, माणसं लहानच. पण अंगात बळ मोठं.

दादांनी हे बळ तंबूतून पडद्यावर नेलं. भालजी पेंढारकरांनी ‘तांबडी माती’त त्यांना काम दिलं. मग १९७१ साली दादांनी स्वतःचा ‘सोंगाड्या’ काढला. लेखन वसंत सबनीसांचं, दिग्दर्शन गोविंद कुलकर्ण्यांचं, नायिका उषा चव्हाण. मुंबईत दादरच्या कोहिनूर थिएटरमध्ये मराठी चित्रपटाला जागा मिळेना, तेव्हा बाळासाहेब ठाकरे पाठीशी उभे राहिले. त्यानंतर ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’ अशी रांगच लागली. दादांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला, म्हणजे पंचवीस आठवडे मुक्काम ठोकला, आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

आपल्याकडच्या कितीतरी जणांनी हे चित्रपट थिएटरात पाहिलेच नाहीत. ते पाहिले जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये. कारखान्याचा हंगाम संपलेला, उसाचे पैसे हातात आलेले, गावाची यात्रा लागलेली. दिवस कलला की भोंग्यावर गाणी सुरू. आत खाली माती, त्यावर घरून आणलेलं पोतं. मशीनचा खर्रखर्र आवाज, रीळ बदलताना अंधारात शिट्ट्या. आणि पडद्यावर तो यायचा. ढगळ अर्धी चड्डी, तिचा खाली लोंबणारा नाडा, वरून सैलसर सदरा आणि तोंडात ‘आये’ अशी हाक. बघणाऱ्याला वाटायचं, हा तर आपल्याच वस्तीवरचा. शहरातल्या नायकासारखी इस्त्रीची पँट याला नाही आणि शुद्ध भाषाही नाही. तरीही खेळ याचाच आहे. दिवसभर कुणाच्या तरी बांधावर राबून आलेल्या गड्याला, कारखान्यावर मोळ्या वाहून खांदे सोललेल्या माणसाला त्या रात्री आपली बोली आणि आपला वेष यांची लाज वाटेनाशी व्हायची. विनोदाचं यापेक्षा मोठं काम मला दिसत नाही.

सातासमुद्रापलीकडे १९१४ साली चार्ली चॅप्लिनने ढगळ पँट, तंग कोट आणि मोठाले बूट घातलेला भटक्या पडद्यावर आणला. जगभरच्या गरिबांनी त्याला आपला मानलं. तोही पोलिसाला हुलकावणी द्यायचा, शेठजीच्या पोटाला कोपर लावायचा. पण एका चित्रपटातल्या आंधळ्या फुलवालीची थट्टा त्याने कधी केली नाही, तिच्यासाठी तो तुरुंगात गेला. ‘सोंगाड्या’तला दादांचा भाबडा नाम्याही असाच. पहिल्यांदा आपण त्याला हसतो. हसता हसता कधी त्याच्या बाजूला जाऊन बसतो, ते कळत नाही.

दादांच्या दुहेरी अर्थाच्या संवादांवर टीका झाली, सेन्सॉरशी त्यांचे खटके उडाले. लेकीबाळींसोबत बसून बघताना अवघडलेल्या घरांची तक्रारही खरीच होती आणि तिचा मान ठेवला पाहिजे. पण दादांच्या विनोदातलं जे टिकलं, ते सगळं भोळ्या माणसाने शहाण्यासुरत्यांना दिलेल्या चपराकीचं आहे.

श्रोतेहो, म्हणूनच आज मला विनोदाबद्दल एकच सांगावंसं वाटतं. हसू कुणावर आहे ते बघावं. पारावर, एसटी स्टँडवर, कारखान्याच्या गेटवर, मोबाइलच्या ग्रुपवर आपण दिवसभर हसतो. त्यातलं किती हसू तोतऱ्या बोलणाऱ्या पोरावर असतं? किती जण बायकोच्या माहेरावर, रंगावर, जातीवर, ऊसतोडीला आलेल्या माणसाच्या बोलण्यावर हसतात? त्या हशाने एखादं माणूस घरी जाऊन जेवत नाही. सोंगाड्याने असं कधी केलं नाही. त्याने स्वतःला हसून घेतलं, राजाला हसला, पण पडलेल्या माणसावर पाय दिला नाही. हसण्याने खालच्याला बळ यावं आणि वरच्याला भान यावं. विनोदाची ही रीत आपल्या आजोबा-पणजोबांनी पाळली आहे.

आणखी एक विनंती, खास यात्रा कमिटीच्या मंडळींना. रुईच्या बाबीराच्या यात्रेपासून गावोगावच्या चैत्री यात्रांपर्यंत आपल्या बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत जत्रांना तोटा नाही. नारायणगावात जाऊन तमाशाची सुपारी ठरवताना किती गाणी होतील, एवढंच विचारू नका. वग कोणता आहे, तेही विचारा. गाणं पाच मिनिटांत होतं. वगाला वेळ लागतो, कारण राजाला प्रश्न विचारून त्याला निरुत्तर करायला वेळ लागतो. अर्ध्या रात्री गाण्यांची फर्माईश सुरू झाली की सोंगाड्याला रंगमंच सोडावा लागतो, आणि मग राजाला विचारणारं कुणी उरत नाही. सोंगाड्याला दोन तास द्या. फडातल्या माणसांना वेळेवर जेवण द्या, ठरलेले पैसे मोजून द्या. पुढच्या रांगेत बसलेल्या मानकऱ्यांनीही आपल्यावरची कोपरखळी मोकळ्या मनाने हसून घ्यावी. ज्या गावाचा पुढारी सोंगाड्याचं बोलणं ऐकून घेतो, त्या गावातला साधा माणूस ग्रामसभेत उभं राहून बोलायला कचरत नाही.

१४ मार्च १९९८ ला दादा गेले. त्यांची रिळं आहेत, मोबाइलवर चित्रपट आहेत, ते राहतील. पण जिवंत सोंगाड्या दरवर्षी आपल्या गावात यायला हवा, आणि तो येईल की नाही, हे ठरवणं आपल्या हातात आहे. येत्या यात्रेच्या बैठकीत एवढा एक विषय काढाल ना?