शहाणपणाची रोजची भाकर

गिबोन येथें स्वप्नांत देवानें ‘माग’ म्हटलें, तेव्हां शलमोनानें धन किंवा दीर्घायुष्य न मागतां न्याय करण्यासाठीं विवेकी अंतःकरण मागितलें. मागतांना त्यानें स्वतःस लहान मूल म्हटलें. नम्रता हेंच त्या मागणीचें मूळ होय. त्याच शलमोनाचें मन वृद्धपणीं देवापासून फिरलें, हें पुष्कळांस कोडें वाटतें. मला वाटतें, एकदां लाभलेलें शहाणपण त्यानें स्वतःची मिळकत मानिलें. ख्रिस्तानें शिकविलेल्या प्रार्थनेंत भाकर आजच्यापुरतीच मागितली आहे. विवेकाचेंही तसेंच असावें. वर्गांत विद्यार्थ्यानें माझी चूक दाखविली कीं मन प्रथम सबब शोधूं लागतें. सकाळची प्रार्थना मनापासून होती कीं नाहीं, हें त्या क्षणीं ‘तुझें बरोबर आहे’ हे तीन शब्द ओठांवर येतात कीं नाहीं, यावरून ठरतें.