नटायला अंगणात

लघुचित्रांतली शृंगार करणारी बाई बहुतेकदा गच्चीवर असते, नाही तर झाडाखाली. दासी आरसा धरते, ही कानात डूल घालते. रागमालेतली बिलावल रागिणी अशीच रंगवतात. बघणारे लगेच विचारतात, कुणाची वाट बघतेय? मला पडणारा प्रश्न अगदीच अरसिक आहे: ही घरात का नटत नाही?

उत्तर खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरात सापडतं. मातीच्या जाड भिंती, वर मातीचंच धाबं, खिडक्या नावापुरत्या. जळगाव-धुळ्याचा उन्हाळा ४५ अंशांना टेकतो तेव्हा हे घर जीव गार ठेवतं. पण आत भरदुपारीही सुईत दोरा ओवताना मारामार. म्हणून वेणीफणी ओसरीवर किंवा अंगणात. भांग सरळ पडायला, कुंकू मधोमध लागायला उजेड लागतो.

आरशाचंही तेच. पारा लावलेली काच आपल्याकडे फार उशिरा आली. त्याआधी आरसा म्हणजे घासूनपुसून लख्ख केलेला धातू. तो पडलेला उजेड सगळा परत देत नाही, थोडा गिळतो. अंधाऱ्या खोलीत त्यात तोंड काय दिसणार? बिलावल सकाळचा राग. त्याची रागिणी आरसा घेऊन बसते, यात मला तरी शृंगाराइतकाच व्यवहार दिसतो.

आता अजिंठा बघा, जळगावहून साठेक किलोमीटर. सतराव्या लेण्यात पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली एक राजकन्या हातातल्या गोल आरशात बघते आहे. एक दासी चवरी घेऊन, दुसरी प्रसाधनाचं तबक घेऊन उभी. राजकन्येची मान किंचित कललेली, नजर आरशात. आणि हे रंगवलंय कुठे, तर डोंगराच्या पोटात, जिथे उजेड येतो तो फक्त समोरून. अशा जागी कुठलीही शहाणी बाई काजळ घालायला बसणार नाही! लघुचित्रकाराने बाईला सरळ मोकळ्यावर नेलं आणि सगळीकडे सारखा, सावली न पाडणारा उजेड दिला. अजिंठ्याच्या चित्रकाराला ती सोय नव्हती. त्याने कातडीची छटा कुठे गडद, कुठे फिकी करत अंगाला गोलाई आणली, मोत्यांना पांढरे ठिपके दिले. तिचा उजेड त्याला रंगातूनच काढावा लागला. माझ्या मते दोघांत अवघड काम त्याचं.

बघायला जाल तर आत शिरल्या शिरल्या पुढे सरकू नका. डोळे अंधाराला सरावू द्या. आणि सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.